खंडेनवमीच्या पाटावर

घट बसायच्या आधी घर धुऊन काढायचं, ही आईची शिस्त. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, पण भाद्रपद उतरणीला लागला की ताईची हाक येतेच, "माळा उतरवायचाय. कधी मोकळा आहेस?" मग एखादा रविवार शिडी, नाकाला बांधलेला रुमाल आणि वर्षभराची धूळ यांच्यात जातो. यंदा माळ्याच्या पार आतल्या कोपऱ्यातली आजोबांची पत्र्याची ट्रंक खाली घेतली. कडी गंजून बसली होती. ती ठोकून उघडली, तर आत जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं ताईचं लोखंडी कॅलिपर आणि त्याच्याखाली माझी शंभरपानी वही.

ताई दोन वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. १९७२ साल. उजवा पाय गेला. ज्यांनी तसलं कॅलिपर पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पायाच्या दोन्ही बाजूंनी दोन लोखंडी पट्ट्या, मांडीशी आणि पोटरीशी चामड्याचे रुंद पट्टे, खाली जाड तळाचा बूट आणि गुडघ्यापाशी दोन्ही बाजूंना सरकत्या कड्या. उभं राहायचं तर कड्या खाली सरकवायच्या, की गुडघा सरळ अडकतो. बसायचं तर त्या वर ओढायच्या. त्या कड्यांचा 'खट्' असा आवाज म्हणजे आमच्या घराची सकाळ. सहाला खट् झालं, की पोरगी उठली, हे आईला कळायचं आणि ती चहाचं आधण ठेवायची.

ताईने ते हातात घेतलं, फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "वजन कर बघू." धान्याचा काटा खालीच होता. २ किलो ७०० ग्रॅम भरलं. ती काही बोलली नाही. आकडा मात्र दोनदा वाचला.

वहीच्या पहिल्या पानावर माझ्या तेराव्या वर्षीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भारताची क्षेपणास्त्रे'. आत खळीने चिकटवलेली कात्रणं. खळ असल्यामुळे कसरीने कडा खाल्लेल्या. आईने या दोन वस्तू एकत्र ठेवल्या त्या 'पोरांचं सामान' म्हणून. पण त्या दिवशी जमिनीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या पाहिल्या, आणि गेली पस्तीस वर्षं माझ्या मनात घोळणारी गोष्ट लिहून काढावी असं वाटलं.

१९८९चा उन्हाळा. परीक्षा संपलेली, आणि मला अग्नी या क्षेपणास्त्राचं वेड लागलेलं. २० एप्रिलला ओडिशातल्या चांदीपूरच्या किनाऱ्यावरून अग्नी पहिल्यांदा उडणार होतं. उड्डाणाला १४ सेकंद उरले असताना संगणकाने 'थांबा' म्हटलं. ती अडचण निस्तरेपर्यंत पाठोपाठ आणखी थांबे आले, तेवढ्यात आतली वीज खर्ची पडली आणि उड्डाण रद्द झालं. १ मेला, महाराष्ट्र दिनाच्या दिवशी, पुन्हा तयारी. या वेळी १० सेकंद उरले होते. पुन्हा थांबा. पहिल्या टप्प्याची दिशा सांभाळणारा एक भाग हवा तसा चालत नव्हता. वर्तमानपत्रांतून थट्टा सुरू झाली, व्यंगचित्रं आली. गल्लीतली पोरं मला विचारायची, "विझला का रे तुझा अग्नी?" मी घरी येऊन उशीत तोंड खुपसायचो.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, टर्नर होते. लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस. घरी फारसं बोलायचे नाहीत. त्या संध्याकाळी हातपाय धुऊन आले, माझ्यापाशी बसले आणि म्हणाले, "बंद पडणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. ज्या मशीनला आपली चूक आधी कळते ते मशीन चांगलं. मागनं कळली तर जॉब भंगारात." अण्णांच्या टूलबॉक्समध्ये लाल रंगाची एक छोटी डबी असायची. स्वतःचा जॉब, म्हणजे लेथवर काढलेला भाग, मापात बसला नाही, तर फोरमन येऊन पकडायच्या आत ते स्वतःच त्यावर लाल ठिपका द्यायचे. त्यांच्या बोलण्यामागे ती डबी होती, हे मला तेव्हाही कळलं.

२२ मे, सोमवार. सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी अग्नी उडालं. आम्हाला दुपारी रेडिओवर कळलं. मी अंगणातून ओरडत घरात आलो. ताई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "इतक्या वर जाऊन ते खाली येताना जळत नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. वहीत एका पानावर पेन्सिलीने तो प्रश्न लिहिलेला आहे, खाली दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या आहेत.

उत्तर पुढे कळलं. अग्नीची खरी परीक्षा तीच होती. वातावरणाच्या बाहेर जाऊन प्रचंड वेगाने परत हवेत शिरताना नाकाशी असलेली हवा दाबली जाते आणि बाहेरचं तापमान अडीच हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं. त्या तापात पोलाद वितळून जाईल. त्यासाठी कार्बनच्या धाग्यांचं विणलेलं, कार्बननेच भरलेलं कवच आपल्या लोकांनी इथेच तयार केलं. बाहेर ही भट्टी आणि कवचाच्या आत चाळिसाच्या आसपास. मिरजेची मे महिन्यातली दुपार असते तेवढंच. बाजारात ते विकत मिळण्यासारखं नव्हतं. ज्यांच्याकडे होतं, ते देणार नव्हते.

वहीत नसलेली एक गोष्ट मला फार आवडते. उड्डाणाच्या आदल्या रात्री संरक्षणमंत्री कृष्णचंद्र पंत यांनी अब्दुल कलामांना विचारलं, उद्या यश आलं तर काय हवं? कलामांनी हैदराबादच्या 'रिसर्च सेंटर इमारत' या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेच्या आवारात लावायला एक लाख रोपं मागितली. पंतांनी धरणीमातेचा आशीर्वादच मागताय म्हणून ती कबूल केली. दोनदा अपयश पदरात पडलेला माणूस तिसऱ्या वेळेच्या आदल्या रात्री झाडं मागतो. हे वाचलं, की मला वाटतं, अशा माणसाच्या हातात असली गोष्ट द्यायला हरकत नाही.

आता रिव्हेटची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. १९८४ साल, ताई चौदाची. शाळेच्या जिन्यात तिच्या कॅलिपरचा गुडघ्याजवळचा रिव्हेट, म्हणजे पट्ट्या जोडणारा ठोकून बसवलेला खिळा, तुटला. पट्टी निसटली, ताई सात पायऱ्या खाली आली. समोरचा एक दात पडला, हनुवटीला टाके. जिथून ते बनवून आणलं होतं, तिथे आई रडत गेली, तर "पोरीचं वजन वाढलं, आम्ही काय करणार" असं उत्तर मिळालं. रात्री अण्णांनी तुटलेला रिव्हेट दिव्याखाली धरला आणि मला बोलावलं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग काळसर, गंजट होता. उरलेला चकचकीत. अण्णा म्हणाले, "हा काळा भाग बघ. हे आज तुटलेलं नाही. हे चार महिने तुटत होतं. चकचकीत आहे तेवढंच आज तुटलं." मग त्यांनी पट्टीतलं भोक दाखवलं. ड्रिल तिरकं लागलं होतं, अर्ध्या सुताने, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाने. त्यामुळे सगळा भार रिव्हेटच्या एकाच कडेवर येत होता आणि प्रत्येक पावलाला तिथली चीर केसभर पुढे सरकत होती. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर साहेबांची परवानगी घेऊन त्यांनी नवीन भोक पाडलं, नवा रिव्हेट लेथवर काढला आणि घरी येऊन ठोकला. तो रिव्हेट आजही त्या कॅलिपरला आहे. बाकीचे गंजलेत, तो नाही.

मी इंजिनिअर झालो तो त्या रात्री झालो, पदवी पुढे सांगलीत मिळाली एवढंच.

क्षेपणास्त्राच्या गोष्टीतही असाच रिव्हेट आहे. १० ऑगस्ट १९७९ला श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ हे आपलं पहिलं उपग्रह वाहून नेणारं रॉकेट उडालं. पहिला टप्पा उत्तम चालला. दुसऱ्यात तोल गेला आणि ३१७ सेकंदांत सगळं बंगालच्या उपसागरात. कारण काय निघालं? नियंत्रणाच्या यंत्रणेतली एक झडप नीट बंद झाली नाही, आणि त्यातून नायट्रिक आम्ल गळून गेलं. दिशा फिरवायला लागणारं द्रवच उरलं नाही. एक झडप. पुढच्या वर्षी, १८ जुलै १९८०ला, तेच रॉकेट रोहिणी उपग्रह घेऊन नीट वर गेलं. अग्नीचा पहिला टप्पा म्हणून पुढे जी मोटार वापरली, ती याच रॉकेटची. म्हणजे १९८९च्या मे महिन्यात जे उडालं, त्याच्या पोटात १९७९चं बुडणंही होतं.

देशाच्या पातळीवरची कहाणी मी थोडक्यात सांगतो. संरक्षण संशोधन संस्था १९५८ची. १९६२ला चीनकडून मार खाल्ला आणि त्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं. त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आमच्या सांगली जिल्ह्यातलं, त्यामुळे आमच्या भागात हे वाक्य घरातलं म्हणून बोललं जातं. हैदराबादला क्षेपणास्त्रांची प्रयोगशाळा उभी राहिली. सत्तरच्या दशकात 'डेव्हिल' नावाच्या प्रकल्पात एक रशियन क्षेपणास्त्र खोलून त्यासारखं बनवायचा प्रयत्न झाला. पूर्ण क्षेपणास्त्र काही निघालं नाही, प्रकल्प गुंडाळला. लोक याला वाया गेलेले पैसे म्हणतात. मी म्हणत नाही. द्रव इंधनाचं इंजिन कसं करायचं, हे त्यातून हाताला कळलं आणि पुढे 'पृथ्वी' त्यावर उभं राहिलं. उमेदवारीचे दिवस कुणाच्या बिलात दिसत नाहीत, पण कारागीर त्याच दिवसांत तयार होतो.

१९८३ला कलाम आणि संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार अरुणाचलम एकेक क्षेपणास्त्र टप्प्याटप्प्याने करायचा प्रस्ताव घेऊन गेले होते. संरक्षणमंत्री व्यंकटरामन यांनी सांगितलं, सगळी एकदम हातात घ्या. ३८८ कोटी मंजूर झाले आणि पाच नावं ठरली: पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश, नाग. २५ फेब्रुवारी १९८८ला पृथ्वी उडालं. त्याच्या आदल्या वर्षी, १९८७च्या एप्रिलमध्ये, सात श्रीमंत देशांनी आपसांत ठरवलं होतं, की ५०० किलो भार ३०० किलोमीटरवर नेऊ शकेल अशा क्षेपणास्त्रांचं तंत्र कुणाला द्यायचं नाही. क्षेपणास्त्र सोडाच, त्याला लागतील असे सुटे भाग, धातू, संगणक, सगळ्यावर पहारा बसला. महासंगणक मिळत नाही म्हटल्यावर पुण्यात विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'परम' उभा केला, तोही याच काळात, १९९१ला. ज्या गटाने दार लावलं होतं, त्याच गटात २०१६च्या जूनमध्ये भारताला सदस्य म्हणून घेतलं गेलं. या एकोणतीस वर्षांचा मला पाच हजार किलोमीटर जाणाऱ्या अग्नीपेक्षाही जास्त अभिमान आहे.

आणि अभिमान सांगायचा तर सगळं सांगावं. त्रिशूळ धड झालं नाही, २००८ला ते बंद केलं. नाग १९९०पासून चाचण्यांत होतं, त्याची अखेरची चाचणी २०२०च्या ऑक्टोबरमध्ये पोखरणला झाली. तीस वर्षं. आकाशही १९९०ला पहिल्यांदा उडालं आणि सैन्याच्या हातात पडायला पंचवीस वर्षं गेली. अण्णांच्या लाल डबीचा माणूस म्हणून मी हे लपवणार नाही. उशीर झाला, पैसा गेला, सैनिकांना वाट पाहावी लागली.

आमच्या कॉलेजात एका सरांनी गायडन्सचा, म्हणजे क्षेपणास्त्राला वाटेवर ठेवण्याचा, विषय शिकवला होता, तो मला अजून पाठ आहे. क्षेपणास्त्र रस्ता कसा शोधतं? त्याला खिडकी नसते. पुण्याहून रात्रीच्या एसटीने मिरजेला येताना डोळे मिटून बसा. गाडी सरळ चालली, वेग कमी झाला, मग डावीकडे-उजवीकडे झोके बसायला लागले, कान दडपले, की खंबाटकी घाट आला हे पोटाला कळतं. पुढे लांबच लांब सरळ, मग गाडी हायवे सोडून वळली, की पेठ नाका. बाहेर न बघता, फक्त अंगाला बसणाऱ्या हिसक्यांचा हिशेब ठेवून तुम्ही कुठे आहात ते सांगता. क्षेपणास्त्रातले जायरोस्कोप (वळणं मोजणारे) आणि त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारे) हेच करतात. प्रत्येक हिसका मोजायचा, त्यावरून वेग काढायचा, वेगावरून जागा काढायची, आणि ठरलेल्या वाटेपासून किती सरकलो ते बघून पंख वळवायचे.

यातली मेख अशी, की चूक साचत जाते, आणि काळाच्या वर्गाने साचते, म्हणजे वेळ दुप्पट झाला की चूक चौपट. समजा, त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाच्या फक्त हजाराव्या भागाने चुकला. दहा मिनिटांनी तुम्ही पावणेदोन किलोमीटर भलतीकडे असता. तीच चूक लाखाव्या भागावर आणली तर साडेसतरा मीटर. या दोन आकड्यांच्या मध्ये सगळी कारागिरी बसलेली आहे: बेअरिंगचा गोलपणा, तेलाचा पातळपणा, फिरणाऱ्या चाकाचा तोल, सांधणीतला ताण. सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मला हनुवटीचे टाके दिसले. अर्धं सूत तिरकं भोक.

आमचं घर मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी मी तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांपाशी जाऊन बसायचो. पंढरपूरकडून आलेले भोपळे वाळत टांगलेले असायचे, लाकडाचा आणि लाखेचा वास यायचा. ते तंबोऱ्याची जवारी काढत असले, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद जुळवत असले, की कुणी बोलायचं नाही. घोडीच्या पाठीवरून कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, डोळे मिटून ऐकायचं. पुन्हा एकदाच कानस. पुन्हा ऐकायचं. तारेखालचा सुताचा दोरा नखाने केसभर पुढे. मग एका क्षणी ती तार नुसती वाजायची थांबून गायला लागायची, सगळी खोली भरून जायची. त्यांनी किती घासलं, हे मापात सांगता आलं नसतं, आणि कानस एकदा जास्त फिरली असती तर घोडी बाद.

या गल्लीची मूळ कहाणी बाहेरगावच्या लोकांना ठाऊक नसते. हे कारागीर मूळचे शिकलगार. तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे. लढाया थांबल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. १८५०च्या सुमारास फरीदसाहेबांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या, मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा आधार मिळाला, आणि ज्या हातांना पात्याची धार कळत होती त्यांना तारेचा नाद कळायला लागला. आज देशभरचे गवई मिरजेचा तंबोरा मागतात. २०२४ला त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

अशीच एक गोष्ट आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर घडली. १९१०ला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, कुंडलजवळ, कारखाना वसवला. लोखंडाच्या नांगराने जमिनीत विष उतरतं असं तेव्हा शेतकरी समजत. ते नांगर रुळायलाच काही वर्षं गेली. आणि रुळले, तर महायुद्धात ओतायला लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूर दरबारच्या पडून असलेल्या जुन्या तोफा मागून आणल्या आणि वितळवून नांगर ओतले. कृष्णाकाठच्या काळ्या रानात एके काळी तोफा चालल्या, त्या अशा, बैलांच्या मागून.

उलटी वाटही आहे. साखर कारखान्यांची यंत्रं करणाऱ्या वालचंदनगरच्या कारखान्यात आज रॉकेटांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या मोटारींची कवचं तयार होतात. ज्या उसाच्या पट्ट्यात आम्ही वाढलो, तिथला जाड पत्रा वाकवायचा आणि जोडायचा सराव तिकडे कामी आला. आणखी मागे जायचं तर दिवाळीत आपण उडवतो त्याला मराठीत बाण म्हणतात, कारण पूर्वी लढाईत उडवायच्या त्यालाही बाणच म्हणत. म्हैसूरच्या बाणांना लोखंडी नळी होती, म्हणून आत जास्त दाब टिकायचा आणि ते लांब जायचे. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन टिपूवर चालून गेले, तेव्हा आमच्या भागातल्या माणसांनी ते अंगावर येताना पाहिले असणार. १७९९ला श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांचे नमुने इंग्रजांनी इंग्लंडमधल्या वूलिचला नेले आणि त्यावरून स्वतःची रॉकेटं बनवली. आपल्याच हातातली विद्या आपण दोनशे वर्षांनी परत शिकलो, तीही दारं बंद असताना.

नव्वदच्या दशकात एकदा ताईने पेपर माझ्यापुढे टाकला. ती तोवर मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली होती. बातमी अशी, की हैदराबादच्या निझाम्स रुग्णालयातल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी कलामांना वॉर्डात नेलं. तिथली पोलिओ झालेली मुलं तीन-तीन किलोची लोखंडी कॅलिपर्स ओढत होती. डॉक्टरांनी विचारलं, तुमच्याकडे काही हलकं आहे का? अग्नीच्या कामात जे हलके संमिश्र पदार्थ तयार झाले होते, त्यातून तीन आठवड्यांत मुलांसाठी कॅलिपर्स बनवली. वजन ३०० ग्रॅम.

"दहावा हिस्सा," ताई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मी विचारलं होतं ना तुला, ते खाली येताना जळत नाही का."

मी वही शोधली होती तेव्हा, सापडली नाही. ती ट्रंकेत गेली होती.

ताईला हलकं कॅलिपर १९९९ला मिळालं, मिरजेतच. त्याचा हैदराबादशी थेट संबंध मी जोडत नाही. तोवर प्लॅस्टिकचे हलके प्रकार सगळीकडे यायला लागले होते. पण पहिला दिवस आठवतो. आई सहा वाजून गेले तरी अंथरुणातच. ताई आवरून, साडी नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली तेव्हा ती दचकून उठली. "अगं, कधी उठलीस? आवाज नाही झाला." नवीन कॅलिपरला खट् नव्हतं. पुढे कित्येक दिवस आमच्या घरातला सकाळचा चहा उशिरा व्हायचा.

पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ला नोंदला गेला आणि २०१४च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. ती बातमी ताईने कापून स्वतःच्या कपाटात ठेवली आहे.

क्षेपणास्त्र माणसं मारायला केलेलं असतं, हे मी विसरलेलो नाही. कॅलिपरच्या गोष्टीने ते धुऊन निघतं असंही मला वाटत नाही. माझं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, चार मशीनं, सहा माणसं. कधी कधी मोठ्या व्हेंडरकडून अशा जॉबची ड्रॉइंग येतात, ज्यात माप मायक्रॉनमध्ये असतं आणि तो भाग कुठे बसणार ते लिहिलेलं नसतं. पंपात असेल, रुग्णालयात असेल, तोफेत असेल. लेथपाशी उभ्या असलेल्या पोराला मी एवढंच सांगू शकतो, की माप सांभाळ. बाकीचा विचार मी घरी येऊन करतो, आणि काही रात्री तो संपत नाही.

२०२५च्या मे महिन्यात मात्र एका गोष्टीने मला बळ दिलं. आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा हवाई संरक्षणाच्या तुकडीत आहे. ऑपरेशन सिंदूरच्या त्या चार रात्री, पाकिस्तानशी संघर्ष चालू असताना, त्याचा फोन लागत नव्हता. त्याची आई ताईपाशी येऊन बसायची. टीव्ही बंद ठेवायला सांगायची आणि दर दहा मिनिटांनी पुन्हा लावायला सांगायची. सीमेवर येणारी विमानं-ड्रोन पाडायला आकाश क्षेपणास्त्रं तैनात होती. तीच, १९९०ला पहिल्यांदा उडालेली, पंचवीस वर्षं रखडलेली. युद्धविराम झाला त्या संध्याकाळी पोराचा फोन आला. तो काय बोलला ते त्या माउलीने सांगितलं नाही. पदर तोंडाला लावून ती नुसती मान हलवत होती. हत्यार आपलं असलं, की ते कधी उगारायचं आणि कधी खाली ठेवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. दोन्हीसाठी ते आपलं असावं लागतं.

खंडेनवमीला सकाळी वर्कशॉपवर पूजा झाली. लेथला, ड्रिलला, कॉम्प्रेसरला झेंडूच्या माळा, पोरांना पेढे. दुपारी घरची. आमच्याकडे पाटावर जे कामाचं ते सगळं मांडतात: अण्णांचा मायक्रोमीटर, विळी, कात्री, आईची शिवणयंत्राची बॉबिन, माझा व्हर्निअर, मुलीचा लॅपटॉप. तिने यंदा माझी ती वहीही आणून ठेवली. मी कुंकवाची वाटी घेऊन बसलो, तेवढ्यात ताई आतून आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कॅलिपर. आदल्या दिवशी तिच्या सांगण्यावरून मी त्याच्या कड्यांना तेल सोडलं होतं.

"सरक जरा," म्हणाली. मायक्रोमीटरच्या शेजारी जागा केली, ते उभं ठेवलं. उभं राहीना म्हणून पुन्हा हातात घेतलं, पट्ट्या सरळ केल्या आणि दोन्ही कड्या अंगठ्यांनी खाली ढकलल्या.

खट्.

आतून बायकोने विचारलं, "काय पडलं हो?"

"काही नाही गं," ताई म्हणाली. "चहा ठेव."